खाडीकाठचे तीन किल्ले आणि रिकामं परत आलेलं ताट

त्या रविवारी सकाळी पूजा आटोपल्यावर मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून एक ताट खाली काढलं. स्टीलचं, काठावर वडिलांचं नाव कोरलेलं. कोरड्या फडक्यानं पुसलं, उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा जागेवर ठेवून दिलं. मंदा, माझी बायको, चहा गाळत होती. "रोज पुसून काय होणार आहे," एवढंच ती म्हणाली. मी हेल्मेट घेतलं आणि जिना उतरलो. खाली, दोन मजले खालचे शेजारी कांबळे भाऊ बुटांच्या नाड्या बांधून तयार उभे होते.

या ताटाची गोष्ट आधी सांगावी लागेल, कारण आमचा हा छोटा प्रवास तिथूनच सुरू झाला.

आम्ही वर्तकनगरच्या एका जुन्या वसाहतीत राहतो. दर दिवाळीत आवारात मुलांच्या मातीच्या किल्ल्यांची स्पर्धा असते. मला इतिहास वाचायची आवड, म्हणून परीक्षक मी आणि बक्षिसं देताना दोन शब्द बोलणाराही मीच. गेल्या दिवाळीत सीमेवर तणाव होता. टीव्हीवर रोज युद्धाच्या गोष्टी चालू होत्या. मलाही चेव आला. इतिहास आपल्याला एकच शिकवतो, असं मी महाराजांचं नाव घेऊन ठणकावून सांगितलं: बोलणी करत बसणारे हरतात, घुसून मारणारे जिंकतात, आजच्या सरकारनंही तेच करावं. टाळ्या खूप पडल्या. पहिल्या रांगेत सुमनवहिनी बसल्या होत्या, कांबळे भाऊंच्या पत्नी. त्यांचा एकुलता एक मुलगा विशाल सैन्यात आहे आणि तेव्हा तो सीमेवरच होता. त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मंदानं त्यांच्याकडे फराळाचं ताट पाठवलं. कांबळ्यांच्या घरून ते ताट दरवर्षी भरून येतं. कधी अनारसे, कधी वहिनींच्या माहेरचे पोह्याचे पापड. घरात काही नसलं तर माणूस चिमूटभर साखर तरी ठेवतो, पण भरलेलं ताट रिकामं परत करत नाही. त्या वर्षी ते रिकामं आलं. स्वच्छ घासलेलं, कोरडं केलेलं आणि रिकामं. मंदानं ते वापरात घेतलं नाही, वरच्या फळीवर ठेवून दिलं. का रिकामं आलं ते मला कळलं होतं. खाली दोन मजले उतरून जायला हवं हेही कळलं होतं. मी गेलो नाही. जिन्यात वहिनी भेटल्या की "काय भाऊजी" म्हणत, मी "बरं आहे" म्हणे, आणि असं वर्ष गेलं.

यंदा दसऱ्यानंतर वसाहतीच्या चिटणीसांनी पुन्हा बोलायला सांगितलं. विषयही देऊन टाकला: युद्धांचा इतिहास आणि आजचं संरक्षण. ते ऐकून कांबळे भाऊ गेटपाशी थांबले. ते सैन्यात रसद पोचवणाऱ्या तुकडीत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. म्हणाले, "जाधव, या वेळी बोलायच्या आधी बघून येऊ. लांब नको. आपल्याच खाडीवर तीन किल्ले आहेत. तुम्ही पाहिलेत का?"

मी पाहिले नव्हते. बावीस वर्षं ठाण्यात राहून पाहिले नव्हते.

पहिला रविवार: घोडबंदर

कोणाला जायचं असेल तर सहाच्या आत निघा. घोडबंदर रोड आठनंतर माणसाची परीक्षा बघतो, आणि सध्या रस्त्याच्या कामामुळे जास्तच. आम्ही माझ्या स्कूटरवर होतो. बसही आहेत, पण फाट्यापासून पुढे चालावं लागतं. कासारवडवलीला गाडीवर कांदापोहे आणि चहा घेतला. दोघांचं मिळून शंभराच्या आत. दोन्ही बाजूंना तीस-चाळीस मजली इमारती, आणि गायमुखचा घाट आला की एकदम झाडी आणि डाव्या-उजव्या हाताला गारवा. घोडबंदर गावात वळल्यावर किल्ला छोट्या टेकडीवर आहे. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं. पाणी मात्र बरोबर न्या.

किल्ला फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी बांधलेला, पुढे मराठ्यांनी घेतला, मग इंग्रजांकडे गेला. डागडुजीचं काम झालंय, चुना नवा दिसतो. बुरुजावर उभं राहिलं की खाली खाडी पसरलेली दिसते. मी सवयीनं तोफा कुठे असतील ते बघत होतो. कांबळे भाऊ इकडेतिकडे जमीन न्याहाळत होते.

"काय शोधताय?"

"पाणी. इथे शंभर माणसं राहिली तर पितील काय?"

मग अर्धा तास आम्ही दोघं पाणी शोधत फिरलो. एक खोलगट जागा सापडली, टाकं असेल किंवा नसेलही. पण त्या अर्ध्या तासात मला माझ्या गावची शाळा आठवली. पाटणकडचं खेडं, चौथीपर्यंत एकच खोली. गुरुजींनी गॅदरिंगला किल्ल्याचं नाटक बसवलं होतं. सगळ्यांना मावळा व्हायचं होतं. माझ्या वाट्याला पाणक्या आला. बोलायला एक वाक्य नाही, फक्त कळशी घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे जायचं. मी रडलो होतो. गुरुजी म्हणाले होते, तू गेला नाहीस तर हे सगळे संध्याकाळपर्यंत मरतील. ते त्या वेळी समजूत काढायला म्हणाले असं मला वाटलं होतं.

या बंदरात समुद्रापलीकडून घोडे उतरत, म्हणून घोडबंदर, असं सांगतात. चांगला घोडा आपल्याकडे पैदा होत नसे, तो बाहेरून यायचा. म्हणजे ज्याच्या घोड्यावर बसून लढायचं त्याच्याशी वाकडं घेऊन चालणार नाही, आणि ज्या बंदरात घोडा उतरतो ते दुसऱ्याच्या हातात असलं तर तलवार कितीही धारदार असून उपयोग नाही. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. परदेशी बनावटीचं एक बेअरिंग आलं नाही म्हणून आमचं सगळ्यात मोठं यंत्र दीड महिना झाकून ठेवलेलं मी पाहिलंय. कांबळे भाऊंना ते सांगितलं तर ते हसले. डोंगरात त्यांच्या गाड्या अशाच एका सुट्या भागासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या. "गाडी उभी राहिली की शूरपणापण उभा राहतो, जाधव. तो चालत जात नाही."

आज विमानाचं इंजिन कुठून येतं, त्या देशाशी आपलं काय नातं आहे, उद्या त्यानं हात आखडला तर आपल्याकडे दुसरा कोण आहे, हे प्रश्न मला त्या बुरुजावर पहिल्यांदा इतिहासाचे वाटले. एरवी मी ते बातम्यांमध्ये ऐकतो आणि चॅनेल बदलतो.

उतरताना खाली एक म्हातारे आगरी गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. काय बघितलंत म्हणाले. किल्ला बघितला म्हटलं. खाडी केवढी रुंद आहे, मोठी गलबतं सहज येत असतील, असं मी म्हणालो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पानी दिसतंय तवरं नाय. खाली सगला गाल हाय. होरी टेकते." वर्षानुवर्षं गाळ साचला, कोणी काढला नाही, होडीसुद्धा तळाला टेकते, वरून मात्र खाडी भरलेली दिसते. ते वाक्य मी फोनमध्ये लिहून घेतलं.

त्याच दिवशी: ठाण्याचा किल्ला, बाहेरून

ठाण्याचा किल्ला आत जाऊन बघता येत नाही, कारण आता तिथे तुरुंग आहे. रस्त्यावरून तट दिसतो. फोटो काढू नका, विनाकारण चौकशी होते. आम्ही स्कूटर लांब लावली आणि थोडं पुढे जाऊन सावलीत बसलो. येताना घेतलेला वडापाव खाल्ला.

हा किल्ला आपल्या हातून कसा गेला ते मी वाचलेलं होतं, भाषणात मात्र कधी सांगितलं नव्हतं. पुण्यात गादीवरून घरचंच भांडण पेटलं होतं. फिरंग्यांचं आरमार येतंय अशी आवई होती. ते येऊन ठाण्यासकट साष्टीचं बेट घेतील, त्याआधी आपणच घेऊ, असं म्हणत मुंबईच्या इंग्रजांनी ठाण्यावर चाल केली. आपलं घर भांडणात, डोळे एका शत्रूकडे, आणि दार तोडलं तिसऱ्यानं. शूर माणसं तेव्हाही होतीच. तटावर लढलीही. बहुतेक कापली गेली.

हे मी जरा रंगवूनच सांगत होतो. कांबळे भाऊंनी वडापावचा कागद चुरगळून खिशात ठेवला आणि विचारलं, "त्यातल्या एकाचं नाव सांगा."

मला त्या घरच्या भांडणातल्या दोन्हीकडच्या सरदारांची नावं पाठ होती. इंग्रज अधिकाऱ्यांचीसुद्धा. तटावरच्या एकाचंही माहीत नव्हतं.

"मला पण माहीत नाही," ते म्हणाले. "सहज विचारलं."

ते सहज नव्हतं हे दोघांनाही कळत होतं.

दुसरा रविवार: कल्याणचा दुर्गाडी

पुढच्या रविवारी कल्याण. आम्ही माजिवड्यावरून काशेळी, मग भिवंडीच्या बाहेरून कोन असे गेलो. रस्ता खड्ड्यांचा आहे, कंटेनरवाल्यांना आधी जाऊ द्या. सकाळी लवकर निघाल्यामुळे तासाभरात पोचलो. कोन सोडलं की पूल लागतो आणि पुलावरूनच समोर दुर्गाडी दिसतो. किल्ला म्हणून मोठा नाही, पायऱ्याही थोड्याच. वर दुर्गादेवीचं देऊळ आहे. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा शांत होतं.

मी पायऱ्यांपाशी चपला काढल्या. कांबळे भाऊ म्हणाले, "तुम्ही दर्शन घेऊन या, मी तटावर बसतो." देवीकडे स्वतःसाठी मागणं मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं. नुसतं उभं राहतो. त्या दिवशी मात्र मनात एक नाव घेतलं. विशाल कांबळे. पूर्ण नाव घेतलं, म्हणजे चूक व्हायला नको.

मग तटावर येऊन बसलो. खाली खाडी, पलीकडे रेतीचे ढीग, पुलावरून गाड्यांची न संपणारी ओळ. महाराजांनी आपल्या आरमाराची पहिली जहाजं या खाडीत बांधायला घेतली. शाळेत हे एका ओळीत शिकवतात आणि ती ओळ फार भारी वाटते. त्या ओळीच्या आत काय आहे ते मी नंतर वाचलं. जहाज बांधण्याची विद्या फिरंग्यांच्या कारागिरांकडे होती, म्हणून ते कामाला ठेवले. वसईच्या फिरंगी अधिकाऱ्यानं त्यांना फूस लावली आणि ते काम टाकून निघून गेले. दुसरं असं की जहाज तयार झालं तरी समुद्रात जायला वाट वसईवरून, फिरंग्यांच्या तोफांखालून. मग महाराजांनी काय केलं? त्यांना कळवलं, की ही जहाजं तुमच्यावर नाहीत, सिद्दीसाठी आहेत. एकाच वेळी सगळ्यांशी वैर धरलं नाही. ज्याच्या दारातून जायचं त्याच्याशी बोलले, आणि इकडे आपल्या माणसांना ती विद्या शिकवत राहिले.

म्हणजे ज्या पुरुषाचं नाव घेऊन मी 'बोलणी करणारे हरतात' असं ओरडलो होतो, त्यांच्या आरमाराचा पहिला अध्याय निम्मा सुतारकामाचा आणि निम्मा बोलण्यांचा होता.

हे मी कांबळे भाऊंना सांगितलं. मग त्यांनी आपण होऊन रिकाम्या ताटाची गोष्ट काढली.

गेल्या दिवाळीत विशालचा अकरा दिवस फोन नव्हता. सुमनवहिनी भाषणाला आल्या त्या घरात एकट्यानं बसवत नव्हतं म्हणून. मांडीवर फोन उलटा ठेवला होता, सारखं बघायला नको म्हणून. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनी फोन सुलटा केला. त्यावर काही नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी तुमच्या ताटात तिनं अनारसे ठेवलेले," कांबळे भाऊ म्हणाले. "मग एकेक करून काढले. मी म्हटलं, अगं रिकामं नको पाठवू. ती म्हणाली, आज माझ्याजवळ द्यायला काही नाही. रागानं नाही हो म्हणाली. तसंच म्हणाली."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही आपण होऊन याल असं वाटत होतं."

पुलाखालच्या बाजूला एक बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसली होती. डोळे उघडलेली, पण न फुटलेली अशी सहा फळं मी निवडली. कांबळे भाऊंनी कोणासाठी म्हणून विचारलं नाही. कल्याणात एका खानावळीत दोघं जेवलो. तांदळाची भाकरी, सुकट, सोलकढी. मला रविवारी चालतं. परतीच्या रस्त्यावर कंटेनरमागे अडकून उशीर झाला. सीताफळांची पिशवी कांबळे भाऊंनी पूर्ण वेळ मांडीवर धरली होती.

घरी

कोणी विचारेल की तीन छोटे किल्ले बघून आजच्या संरक्षणाचं आणि परराष्ट्र धोरणाचं काय कळणार? मोठ्या लोकांचं मोठं काम आहे ते, आणि मी पडलो स्टोअरकीपर. पण स्टोअरमध्ये मागणीचा कागद आला की आम्ही काही प्रश्न विचारल्याशिवाय वस्तू हलवत नाही. हे कशासाठी हवंय? संपलं तर दुसरं आहे का? कुठून येतं, आणि देणारा रुसला तर? जे आहे त्याची देखभाल कोण करतंय, की खाली गाळ आणि वर पाणी असं आहे? युद्धाची मागणी आली तर देशानं यापेक्षा कमी प्रश्न विचारावेत का? जुने किल्ले मला हे विचारायला सांगतात. त्यांनी मला कधीच 'लढू नका' असं सांगितलं नाही. तटावर कोणीतरी उभं राहिलं म्हणूनच मागे गावं राहिली. पण त्याला पाणी, बदलीचा माणूस आणि घरची खबर पोचते की नाही, हे बघणं मागे राहिलेल्यांचं काम आहे. भाषण करणाऱ्यांचंही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं दोन पानांवर लिहिलं. परीक्षक म्हणून एक बदलही ठरवला. यंदा ज्या किल्ल्यात पाण्याचं टाकं आणि धान्याचं कोठार असेल त्याला तोफेइतकेच गुण.

बुधवारी संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर फळीवरून ताट काढलं. सीताफळं तोवर बरोबर पिकली होती. मांडली. मंदा म्हणाली, "नुसती फळं? थांबा, दोन चकल्या तरी तळते." म्हटलं, नको, आजचं माझ्याकडून आहे. तिनं मला एकदा नीट बघितलं आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

दोन मजले उतरायला मला एक वर्ष लागलं, पण उतरताना जिना नेहमीएवढाच होता.

दार वहिनींनी उघडलं. ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आत कांबळे भाऊ बातम्या बघत होते, त्यांनी टीव्ही बंद केला. मी म्हणालो, "वहिनी, यंदाचं भाषण लिहिलंय. आधी तुम्हाला वाचून दाखवतो. जे खोटं वाटेल ते काढतो."

ताट मी बाजूच्या स्टुलावर ठेवलं आणि वाचायला लागलो. त्या कोथिंबीर निवडत ऐकत राहिल्या. दोन पानं संपली. सगळ्यात आधी म्हणाल्या, "लढू नका असं कुठे म्हणत नाही ना तुम्ही? विशाल तिथे उगाच उभा नाही."

"नाही म्हणत."

"आणि ते पाणक्याचं ठेवा. ते खरं आहे. परवाच फोनवर सांगत होता, वर बर्फ वितळवून पाणी करण्यातच अर्धा दिवस जातो म्हणून." मग विचारलं, "आधी का नाही आलात, भाऊजी? मला वाटलं, ताट रिकामं आलं हे तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

"वर्षभर रोज पुसतोय," मी म्हणालो.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. मग थोडं दोन्ही झालं. कांबळे भाऊ उठून उगाचच पंखा वाढवायला गेले.

ताट लगेच मोकळं करून देते म्हणाल्या. मी म्हटलं, राहू दे, घाई नाही. आणि ते सीताफळांसकट उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.